कस्तुरीची शुगरची वही

“सगळे आकडे एकाच पेननं? अगं बावळट, डॉक्टर काय डोळे मिटून वही वाचतात?”

असं म्हणून मी पोट धरून हसले होते. कस्तुरी मात्र रडकुंडीला आली होती. चौदा वर्षांची काटकुळी पोर, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या, आणि समोर तिची शुगरची वही. महिनाभराचे आकडे तिनं सकाळी मालगावहून मिरजेला येताना एस.टी.त बसून एका दमात लिहून काढले होते. निळी शाई, एकसारखं अक्षर. आणि आकडे तरी कसे? एकशे दहा, एकशे वीस, एकशे पंधरा. धडधाकट माणसाचेसुद्धा इतके सुरेख येत नाहीत.

“हसू नका ना ताई,” ती म्हणाली. “खाली डॉक्टर आलेत.”

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. तेराव्या वर्षापासून इन्सुलिन टोचून घेत होते, आणि त्यामुळे स्वतःला फार शहाणी समजत होते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डॉक्टर हेरवाड्यांच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आमचा गट भरायचा. लहान वयातच डायबेटिस झालेली पंधरा-सोळा पोरं. चालवायचो आम्हीच, मी आणि इम्तियाज. त्यालाही हेच दुखणं, आणि दवाखान्यासमोरच त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पगार नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. नव्या पोराला मोसंब्यावर सुई टोचायला शिकवायचं, त्याच्या आईचे डोळे पुसायचे, आणि ‘आता हिचं लग्न कसं व्हायचं?’ म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांना जिन्यावरूनच वाटेला लावायचं, हा आमचा उद्योग. आपापसात आम्ही त्याला गोड मंडळ म्हणायचो.

मंडळाचा नियम एकच. हॉलमधलं हॉलमध्ये. इथं जे बोलशील ते जिना उतरून खाली जाणार नाही.

आणि डॉक्टरांनी घालून दिलेली पद्धत एक. पोरांच्या वह्या आधी आम्ही बघायच्या, पोराशी बोलायचं, काय खाल्लं, किती खेळला, सगळं विचारायचं आणि पानाखाली सही करायची. “तुमच्याशी ती खरं बोलतात, माझ्याशी नाही बोलत,” असं डॉक्टर म्हणायचे. माझी सही दिसली की ते दोन मिनिटांत डोस ठरवून मोकळे व्हायचे. त्या सहीचा मला कोण अभिमान! चांगलं वळणदार ‘उज्ज्वला आवटी’ लिहायची, खाली एक रेघ ओढून.

आता खरं सांगायचं तर वही खोटी लिहिणं हे आम्हा सगळ्यांचंच पाप. आकडा जास्त आला की घरात सुतक पडल्यासारखी तोंडं होतात, आणि ‘काय खाल्लंस? कधी खाल्लंस? कुणी दिलं?’ अशी चौकशी, चोराचीसुद्धा होत नसेल. शिवाय बोटं दुखतात, तपासायच्या पट्ट्या महाग. मग पोरं अंदाजपंचे आकडे ठोकून देतात. मी दिले होते, इम्तियाजनं दिले होते. त्यात आम्हाला लाज नव्हती. उलट कुणी कसं लिहिलं याचे किस्से आम्ही एकमेकांना रंगवून सांगायचो.

“पट्ट्या संपल्या होत्या का?” मी तिला विचारलं.

“आठ दिवसांतच. घरी सांगितलं असतं तर दादा म्हणाले असते, खेळच सोड.” वडिलांना ती दादा म्हणायची. “आणि वही नाही आणली तर डॉक्टर पत्र देणार नाहीत. पत्र नाही तर सर मला कऱ्हाडला नेणार नाहीत.”

कऱ्हाडला पाच दिवसांचं शिबिर होतं, खो-खोच्या विभागीय निवडीचं. मालगावच्या शाळेतून एकटी कस्तुरी निवडली गेली होती. मी तिला खेळताना एकदाच पाहिलं होतं. खांबापाशी पळणारी पोरगी निसटतेय असं वाटेपर्यंत ही हवेत सूर मारायची आणि खांबाला वळसा घालून तिच्या पाठीला हात लावायची. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा. शाळेच्या सरांनी मात्र ताकीद दिली होती, ‘खेळायला हरकत नाही’ असं डॉक्टरांचं पत्र शनिवारच्या आत आलं तरच नाव पाठवीन. आणि डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर वही नीट ठेव, मग देतो.

नववीत असताना माझी पन्हाळ्याची सहल अशाच एका पत्रापायी बुडाली होती. वर्गातल्या पोरींची गाडी आमच्या गल्लीतूनच गेली, गाणी म्हणत. मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं होतं. ते मला आठवलं आणि मी बाह्या सरसावल्या.

“ती पानं फाड,” मी म्हटलं. “आणि माझ्या पर्समधली पेनं काढ. तीन आहेत. दोन दिवस निळं, एक दिवस काळं, मधेच पेन्सिल. एक दिवस कोराच सोड, विसरल्यासारखा. आणि इथं जरा चहाचा डाग पाड.”

कस्तुरी हसायला लागली. पोरांचा घोळका जमला. एक जण चहाच घेऊन आला.

“आणि हे बघ, सगळे आकडे चांगले असले की संशय येतो. संध्याकाळचे थोडे वाढवून टाक. दोनशे दहा, दोनशे तीस. आठवड्यातून चार-पाच दिवस. खरं वाटलं पाहिजे.”

इम्तियाज कोपऱ्यात एका पोराचं साखर तपासायचं मशीन दुरुस्त करत होता. तो तिथूनच म्हणाला, “उज्ज्वला, हे नको शिकवूस.”

“तू किती खरे लिहितोस रे?”

“माझं माझ्यापाशी. त्याच्यावर तू सही नाही करत.”

“आला मोठा सत्यवान!” मी म्हटलं, आणि पोरं खदखदून हसली. तोही ओशाळून हसला आणि परत मशीनमध्ये डोकं घातलं.

मी सही केली. रेघसुद्धा ओढली.

खाली डॉक्टरांनी वही उघडली तेव्हा कस्तुरी, तिची आई सुरेखावहिनी आणि मी अशा तिघी समोर बसलो होतो. डॉक्टर हेरवाडे साठीचे, रागीट म्हणून प्रसिद्ध. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पानं चाळली, खाली माझी सही पाहिली आणि खूश झाले.

“शाब्बास. ही वही म्हणजे वही वाटते. चहाबिहा सांडलाय, पण असू दे.”

कस्तुरीनं टेबलाखाली माझा हात दाबला. मला हसू आवरेना.

“फक्त संध्याकाळची जरा चढतेय,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक रोज दोनशेच्या वर. सकाळचं ते दुधाळ इन्सुलिन आहे ना, ते चार युनिटनं वाढवा. दुपारनंतर तेच काम करतं.” आणि त्यांनी पत्राचा कागद ओढला.

सकाळचं इन्सुलिन दुपारी चार-पाचला जोर धरतं, आणि चार-पाचला ही पोर मैदानावर धावत असते, हे मला न कळायला मी काय नवखी होते? जी साखर चढलेलीच नाही ती उतरवायला चार युनिट जास्त. पण पत्र लिहून होत होतं. मला वाटलं, बाहेर गेल्यावर हळूच सांगू, बाई, तू आपला जुनाच डोस घे.

बाहेर आलो तर कस्तुरीनं पत्र छातीशी धरून व्हरांड्यात दोन उड्या मारल्या. सुरेखावहिनी म्हणाल्या, “ताई, तुमच्यामुळं झालं बगा हे. न्हाईतर आमाला कोन इचारतंय?” त्यांनी मला बळंच ताकाचा पेला घ्यायला लावला. तेवढ्यात मालगावची गाडी लागली. दोघी पळाल्या. वहिनींच्या देखत ते बोलता आलंच नसतं, आणि शेजारच्या दुकानात त्यांच्यासाठी फोन घेतात, उद्या करू, असं मी ठरवलं.

सोमवारी मला ऑफिसात ऑडिट होतं. मंगळवारी फोन लागला नाही. एकदाच केला होता.

बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला इम्तियाज घरी आला. दारातूनच म्हणाला, “कस्तुरीला आणलंय. बेशुद्ध.”

मैदानावर तिनं खांबाकडे सूर मारला आणि हात खांबाला लागलाच नाही. तोंडावर आपटली ती उठलीच नाही. सरांना वाटलं मार लागला. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. जीप मिळून दवाखान्यात पोचायला पाऊण तास गेला. साखर निघाली अठ्ठावीस.

“आता?” मी विचारलं.

“सलाइन लावलंय. डोळे उघडलेत. हनुवटीला सात टाके पडले, पुढचा दात गेला.” मग तो माझ्याकडे बघत राहिला. “डोस वाढवला होता म्हणे.”



दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले ती सगळं सांगायचंच असं ठरवून गेले. हे मी आज सारवासारव म्हणून सांगत नाही, खरंच ठरवलं होतं. वॉर्डात कस्तुरी एकटी होती. हनुवटीला पांढरी पट्टी, ओठ सुजलेला. मला बघून उठून बसली.

“ताई, शनिवारच्या आत सोडतील ना मला? सर थांबलेत नाव पाठवायचे.”

“सोडतील.”

“डॉक्टर काल विचारत होते, वही कुणी लिहिली.” ती दात गेल्यामुळे बोबडं बोलत होती. “त्यांनी माझं मशीन बघितलं. त्यात तारखा असतात म्हणे, मला माहीतच नव्हतं. बावीस दिवस तपासलंच नाही, हे त्यांना कळलं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मीच लिहिली म्हटलं. तुमचं नाव नाही घेतलं. हॉलमधलं हॉलमध्ये ना?”

आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला शाबासकी देणार आहे. तिथंच तिला म्हणायला हवं होतं, अगं वेडे, घे माझं नाव, घे. मी तिची चादर सारखी केली आणि म्हटलं, “बोलू नकोस जास्त, टाके दुखतील.”

शुक्रवारी तिला घरी सोडणार होते. मला डॉक्टरांचा निरोप आला, येऊन भेट. जिन्यापाशी इम्तियाज भेटला.

“सांगणार आहेस ना?” त्यानं विचारलं.

“सांगते.”

“बघ हं. नाहीतर मी सांगतो.”

“मी सांगते म्हटलं ना!” मी त्याच्यावर खेकसले.

केबिनमध्ये सुरेखावहिनी आणि कस्तुरी आधीच बसल्या होत्या. टेबलावर वही उघडी होती आणि तिच्यावर डॉक्टरांनी परत मागवून घेतलेलं ते पत्र. डॉक्टर आज चिडलेले नव्हते, हे जास्त वाईट होतं.

“उज्ज्वला, तुझी सही आहे इथं. म्हणून तुलाच विचारतो. या मुलीनं हे आकडे एकटीनं रचलेत?”

मी वहीकडे बघत होते. काळं पेन, निळं पेन, पेन्सिल.

“का विचारतोय ते नीट ऐक,” डॉक्टर म्हणाले. “चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या डोक्यानं इतकं बेमालूम खोटं रचत असेल, तर तिला पाच दिवस परगावी पाठवायची माझी छाती नाही. उद्या तिथं काय करेल आणि काय लपवेल, काय सांगावं? पण तिला कुणी शिकवलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग चूक मोठ्या माणसाची. मग मी स्वतः तिच्या सरांना बोलावून घेतो, साखर-बिस्किटं कधी द्यायची ते समजावतो, डोस परत कमी करतो, आणि जाऊ दे तिला. हातात गुण आहे पोरीच्या. एवढं मला सांग.”

यापेक्षा सोपं कुणी कुणाला काय करून द्यायचं? एक वाक्य बोलायचं होतं. कस्तुरी माझ्याकडे बघत नव्हती, त्या पत्राकडे बघत होती.

नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. हॉल डॉक्टरांचा होता. गरीब पोरांना इन्सुलिनच्या बाटल्या तेच मिळवून द्यायचे. त्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला असता तर मंडळ बंद पडलं असतं, पंधरा पोरं उघड्यावर आली असती. सगळी कारणं खरी आहेत. पण ती नंतर सुचली. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पंधरा काय, एकही पोर नव्हतं. हे म्हातारे आता मला ओरडणार आणि सुरेखावहिनी ऐकणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“मला कल्पना नव्हती सर,” मी म्हटलं. “आकडे बरे वाटले म्हणून सही केली.”

“खरं?”

मी उत्तर द्यायच्या आत कस्तुरी बोलली. “ताईंना नव्हतं माहीत. मी त्यांना फसवलं.”

डॉक्टरांनी पत्र उचललं, दोनदा घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. “मग नाही पाठवता येणार,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

सुरेखावहिनींनी तोंडाला पदर लावला. कस्तुरी रडली नाही. तिनं एकदाच मान हलवली, शाळेत गणित चुकलं म्हणून सांगितल्यावर पोरं हलवतात तशी.

आम्ही व्हरांड्यात आलो. सुरेखावहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

“ताई, माफी करा. तुमी पोटच्या पोरीवानी केलं हिचं, आनि हिनं तुमालाच तोंडघशी पाडलं. कुठल्या जल्माचं पाप म्हनायचं!” मग पोरीकडे वळून त्या कडाडल्या, “उभी काय ऱ्हायलीस? पाया पड ताईंच्या. माफी माग.”

कस्तुरी पुढं आली. हनुवटीवरची पट्टी सांभाळत, हळूहळू वाकली. तिच्या सुट्या सोडलेल्या वेण्या माझ्या चपलांवर आल्या.

“चुकलं ताई,” ती म्हणाली. “परत नाही करणार.”

मी पाय मागे घेऊ शकले असते. खाली बसून तिला उराशी धरता आलं असतं. केबिनचं दार दहा पावलांवर होतं, उघडं होतं, आतून डॉक्टरांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी काय केलं, तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “असू दे. होतं असं कधी कधी. मी नाही रागावले.”

“बगितलंस? केवडं मोठं मन हाय,” सुरेखावहिनी म्हणाल्या.

कस्तुरी उठली आणि माझ्याकडे बघून थोडीशी हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. मी घाबरलेय हे तिला कळलं होतं आणि तिला माझी कीव आली होती, असं मला आता वाटतं. चौदा वर्षांची पोर ती.

ती पुन्हा हॉलमध्ये आली नाही. दादांनी खेळ सोडवला, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी राहिलं. बारावी झाली, लग्न झालं, जत तालुक्यात कुठंतरी दिलीय, असं इम्तियाजकडून उडत उडत कळलं. त्यानं मला केबिनमधलं कधी विचारलं नाही. जिन्यापाशी मला तसं सुनावल्यावर तो खरं सांगायला जाईल म्हणून मी महिनाभर धास्तावले होते, पण कस्तुरी कऱ्हाडला गेलीच नाही हे त्याला कळेपर्यंत शनिवार उलटला होता, आता कुणासाठी सांगायचं, असं त्याला वाटलं असावं. त्यानं माझ्याशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली आणि आज वीस वर्षं तेच चालू आहे. मंडळ मात्र छान चाललंय. दीडशेवर पोरं आहेत. पोरांचा विश्वास कसा मिळवावा यावर बोलायला मला गावोगाव बोलावतात. मी जाते, बोलते, नारळ-शाल घेऊन येते.

त्या दिवशी मी दोघींना गाडीपर्यंत सोडायला गेले होते. कस्तुरी खिडकीशी बसली, आईनं सांगितलं म्हणून तिनं मला हात केला. मीही केला. गाडी किल्ल्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. सुटले एकदाची, असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले, आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा मागवला.